सहा वेळचं ताट

वजनाचे आकडे मी या लेखात कुठेच लिहिणार नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. किती होतं, किती उतरलं, किती वाढलं, काहीच नाही. माझ्या लेकीला अॅनोरेक्सिया झाला होता, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार. ज्या मुलांना हा आजार असतो ती असे आकडे शोधत फिरतात आणि स्वतःला त्यांच्याशी लावून बघतात, हे मी माझ्या घरात बघितलंय. आणि लेकीला विचारूनच लिहितोय. तिने आधी वाचलं, दोन ठिकाणी खोडलं, एका ठिकाणी भर घातली, मग म्हणाली टाका आता.

आम्ही साताऱ्याचे. 2021 चा श्रावण, लेक नववीत, शाळा अजून मोबाईलवरच चाललेली. माझ्या आईने नेहमीप्रमाणे श्रावणी सोमवार धरले तर ही म्हणाली आजी मीपण धरते, आणि घरात सगळ्यांना काय ते कौतुक. मग सोमवाराला शनिवार जोडला, मग संकष्टी, मग दोन्ही एकादश्या, आणि नवरात्रात सगळे नऊ दिवस. आमच्याकडे उपवास म्हणजे खरं तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वर राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्तच पोटात जातं. हिचा उपवास मात्र हळूहळू एका केळ्यावर आला आणि ते कुणाच्या नजरेत भरलं नाही, कारण उपवास करणाऱ्या माणसाला "अजून घे" म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही. पुढे पहाटे साडेपाचला उठून अजिंक्यतारा चढायला लागली. पावसात, धुक्यात, ताप असतानासुद्धा. किल्ल्यावर भेटणारे ओळखीचे लोक मला पोवई नाक्यावर थांबवून सांगायचे की पोरगी जबरदस्त फिट आहे हो तुमची. मी तेव्हा खूश व्हायचो. हे लिहितानाही घशाशी येतं माझ्या.

मे महिन्यात ती स्वेटर घालून बसलेली दिसली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मे महिन्यात, साताऱ्यात, पंख्याखाली स्वेटर. हात बर्फासारखे. केस विंचरले की बेसिनमध्ये गुंतवळ, आणि दंडावर मात्र बारीक मऊ लव वाढलेली. पाळी चार महिने नव्हती हे बायकोला तेव्हा समजलं. मग सुरू झाल्या डॉक्टरांच्या फेऱ्या. एकीकडे पाळी यायच्या गोळ्या मिळाल्या, एकीकडे भूक वाढायचं टॉनिक, एके ठिकाणी थायरॉइडच्या टेस्ट, आणि एके ठिकाणी तर तिच्यासमोरच सांगितलं गेलं की या वयात मुली नखरे करतातच, दोन दिवस लक्ष देऊ नका, भूक लागली की खाईल. सहा आठवडे त्यात गेले. नखरे हा शब्द तिच्या मनात किती खोल जाऊन बसला ते नंतर कळलं.

शेवटी पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी गप्पा मारल्याच नाहीत, नाडी बघितली. आडवं करून बघितली, मग उभं करून बघितली, बीपी घेतलं, लगेच ईसीजी काढायला लावला आणि म्हणाल्या आज घरी जायचं नाही. हा मनाचा आजार आहे असं समजून आम्ही गेलो होतो आणि त्या आधी हृदयाकडे बघत होत्या. अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. मानसिक आजारांमध्ये ज्यात सगळ्यात जास्त माणसं दगावतात अशा आजारांत याची गणना होते, हेही त्याच दुपारी समजलं.

हॉस्पिटलात अकरा दिवस. मला वाटलं होतं आता भरपूर खायला घालतील आणि पोर उभी राहील. पण नाही, मोजून मापून, रोज थोडं वाढवत, आणि रोज रक्त तपासणी. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम जेवण गेलं की इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींच्या आत ओढलं जातं, रक्तातलं प्रमाण एकदम खाली येतं, आणि मग हृदय दगा देऊ शकतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कैदेतून सुटलेले लोक पोटभर जेवल्यावर दगावले, तेव्हा हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं. उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढू नये असं आपली म्हातारी माणसंही सांगायची, त्यामागे केवढं शास्त्र आहे ते मला त्या वॉर्डात कळलं. व्हिटॅमिन बी 1 चं इंजेक्शनसुद्धा त्यासाठीच देत होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली आणि माझा सगळा दृष्टिकोनच बदलला. लेक त्या काळात दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघायची. घरात सगळ्यांसाठी केक करायची, शंकरपाळी तळायची, आम्हाला आग्रहाने खायला घालायची आणि स्वतः एक तुकडा तोंडात टाकायची नाही. पोळीचे इवले इवले तुकडे करून तासभर चिवडत बसायची. मला हे सगळं विचित्र वाटायचं, खरं सांगतो, चीड यायची. तर 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले, धडधाकट, मनानेही ठणठणीत पुरुष, स्वतःहून पुढे आलेले. त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. आणि ही माणसं पाककृतीची पुस्तकं वाचायला लागली, अन्नाची स्वप्नं बघायला लागली, एका ताटावर तास तास घालवायला लागली, चिडचिडी झाली, माणसांपासून तुटली, त्यांना सारखी थंडी वाजायची. बारीक व्हायचं वेड त्यांना नव्हतं, इन्स्टाग्राम नव्हतं, किल्लाही नव्हता. नुसत्या उपासमारीने मेंदू असा होतो. म्हणजे मी जो तिचा स्वभाव बिघडला असं समजत होतो त्यातलं कितीतरी उपाशी मेंदूचं वागणं होतं. म्हणूनच पहिलं औषध जेवण. बोलणं, समजावणं, मनाच्या खोलात शिरणं हे सगळं नंतर, कारण उपाशी मेंदूला ते पोचतच नाही. आणि अॅनोरेक्सियात गोळ्यांचा उपयोग फार थोडा, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आमची एका थेरपिस्टशी गाठ घालून दिली. त्या म्हणाल्या, आता घरी सहा वेळा जेवण, तीन मोठी आणि तीन मधली, आणि ते तुम्ही दोघांनी द्यायचं. काय वाढायचं, किती वाढायचं, ते तुम्ही ठरवायचं. तिने ठरवायचं नाही. बायकोने विचारलं, आमच्याकडूनच तर हे झालं असेल ना, मग आम्हीच कसं द्यायचं. त्या म्हणाल्या कारण कुणी शोधत बसणार नाहीये, घर पेटलं की आधी पाणी ओतायचं.

या पद्धतीला फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात, लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधून आली म्हणून मॉड्स्ली पद्धतही म्हणतात. मी नंतर याच्यामागे लागून बरंच वाचलं. 1873 च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग यांनी जवळपास एकाच वेळी या आजाराचं वर्णन केलं. गल यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की या रुग्णांना ठरलेल्या वेळी खायला द्यावं, पण त्याच दमात हेही लिहिलं की सेवेसाठी नातेवाईक सगळ्यात वाईट. पुढची शंभर वर्षं पोरांना आईबापांपासून तोडून उपचार करायचा विचारच जोरात होता. मॉड्स्लीतल्या रसेल, डेअर, आयस्लर वगैरे मंडळींनी हे उलटं करून बघितलं. वॉर्डात नर्स शेजारी बसून खायला लावते आणि मूल खातं, तर तेच काम आईबापांना का शिकवू नये? 1987 मध्ये त्यांनी 80 रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांच्या आत होता, त्यांना कुटुंबासोबतच्या उपचाराचा फायदा जास्त झाला. 2010 मध्ये अमेरिकेत 121 मुलामुलींवरचा मोठा अभ्यास आला, त्यात उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीतली 49 टक्के मुलं पूर्ण बरी होती, एकट्याने थेरपी घेतलेल्यांतली 23 टक्के. मी हा आकडा ऐकून आधी खूश झालो आणि रात्री झोप उडाली, कारण 49 म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत.

दुसऱ्या सेशनला थेरपिस्टने घरून जेवण आणायला सांगितलं होतं, सगळ्यांनी, धाकट्यासकट. बायकोने पहाटे उठून डबा केला, सातारा ते पुणे अडीच तास, खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो की अकराचं मधलं खाणं यायचं, ते गाडी बाजूला घेऊन खाल्लं, आणि दुपारी त्या ऑफिसच्या टेबलावर स्टीलचे डबे उघडले. दोन फुलके, बिनतेलाची दुधी भोपळ्याची भाजी, काकडी, मूठभर भात. थेरपिस्ट बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, कित्येक महिने उपाशी असलेल्या मुलीचं हे ताट आहे का? बायको रडायला लागली. ती जे खायला कबूल होईल ते आम्ही करत होतो, महिनोन्महिने, आणि आपण आजाराचा मेनू शिजवतोय हे आम्हाला कळलंच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, तिने ठरवलंय त्यापेक्षा एक घास जास्त तुम्ही दोघांनी तिला खायला लावायचा, इथेच, आत्ता. पन्नास मिनिटं लागली त्या एका घासाला. तिने तो खाल्ला. मी माझ्या आयुष्यात कशासाठी एवढा घाम गाळला नसेल.

घरी आल्यावर भाजीत तेल परत आलं, भातावर तूप आलं, पोह्यांवर खोबरं आणि दाणे आले, थालीपीठाबरोबर लोणी, रात्री साखर घातलेलं दूध. मी बँकेत बिनपगारी रजा टाकली. बायको शाळेत शिकवते, ती सकाळी आणि रात्री, मी दुपारी आणि मधली. दहावीचं वर्ष होतं, मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्या शाळेत जायचो, मुख्याध्यापक बाईंनी लायब्ररीमागची खोली दिली होती, एका शब्दाने कधी विचारलं नाही की हे किती दिवस चालणार. त्या खोलीत मी तिच्यासमोर बसायचो. नुसता बसायचो.

पहिले सहा आठवडे कसे होते ते पूर्ण लिहिणं मला जमणार नाही. रात्रीचं जेवण अडीच अडीच तास चालायचं. वाटी भिंतीवर फुटली. मला जाड करून तुम्हाला काय मिळणारे, तुम्हाला मी नकोच आहे, असं ती ओरडायची, शेजारच्यांनी दार वाजवलं एकदा. थेरपिस्टने शिकवलेलं वाक्य मी आणि बायकोने पाठ केलं होतं, अवघड आहे, कळतंय मला, पुढचा घास घे. वाद घालायचा नाही, आकडे सांगायचे नाहीत, धमकी नाही, लाच नाही, "बघ किती छान दिसायला लागलीस" हे तर अजिबात नाही कारण तिच्या कानात ते "जाड झालीस" असंच पोचतं. आणि मनात सारखं घोकायचं की ओरडतोय तो आजार आहे, मुलगी त्याच्या मागे अडकलीय. हे वाचायला सोपं आहे. समोर पंधरा वर्षांची आपली पोर भाताच्या एका घासापुढे थरथर कापत असते, खरोखर कापत असते, वाघासमोर उभी असल्यासारखी, आणि तो घास आपणच तिच्यापुढे केलेला असतो.

(तिने इथे भर घातली ती अशी: "तेव्हा मला बाबांचा राग यायचा पण आतून बरंही वाटायचं की निर्णय माझ्या हातात नाहीये, कारण मी स्वतःहून खाल्लं असतं तर डोक्यातल्या आवाजाने मला सोडलं नसतं. बाबांनी लावलं म्हणून खाल्लं, असं त्याला सांगता यायचं.")

जेवणानंतरचा तास त्याहून कठीण. तेव्हा तिला एकटं सोडायचं नाही असं होतं. ते काम धाकट्याचं. दहा वर्षांचा होता. त्याला सांगितलं होतं की तू पोलीस नाहीस, खाल्लं की नाही हे बघणं तुझं काम नाही, तू फक्त ताईचा भाऊ. तो पत्ते घेऊन यायचा. बदाम सात. त्या पावसाळ्यात आमच्या घरात बदाम सातचे किती डाव झाले असतील देव जाणे.

आणि माझी आई. तिच्या मनात घट्ट बसलं होतं की आपण उपवास शिकवले म्हणून पोर आजारी पडली. मी तिला सांगितलं की 2019 मध्ये जवळपास 17 हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झालाय, याची मुळं अंगात असतात, मनात आणि चयापचयात दोन्हीकडे असतात, उपवास लाखो माणसं करतात आणि हा आजार त्यातल्या एखाद्यालाच होतो, उपवास फक्त दार उघडायला निमित्त होतं. तिला किती पटलं माहीत नाही. डॉक्टरांनी लेकीला सगळे उपवास बंद सांगितले होते, आजीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. जुलैमध्ये आषाढी आली. आईने लग्न झाल्यापासून आषाढी कधी मोडली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. दुपारी ताटं घेतली, लेक येऊन बसली, वरणभात बघून तिचा चेहरा दगड झाला आणि म्हणाली आज तर एकादशी आहे, आज तर आजीपण खात नाही. आई आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसली होती. ती उठून आली, नातीशेजारच्या पाटावर बसली आणि सुनेला म्हणाली, मला पण वाढ. भात वाढ. आणि जेवली. कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ते जेवण तासाच्या आत संपलं.

सगळ्यांनाच ही पद्धत लागू नाही हे मुद्दाम लिहितो. आमच्याकडे हे चाललंय असं कळल्यावर बायकोच्या मावसबहिणीचा रात्री अकराला फोन आला. एकतीस वर्षांची, आयटीत, दिसायला अगदी ठीकठाक. ती बारा वर्षं लपून भरमसाट खात होती आणि उलट्या काढत होती, नवऱ्यालासुद्धा पत्ता नव्हता. बुलिमिया. 1979 मध्ये याला नाव देणारे डॉक्टरही तेच, मॉड्स्लीवाले रसेल. तिला मोठ्या माणसांसाठीची सीबीटी दिली, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, ऑक्सफर्डच्या फेअरबर्न यांनी बसवलेली, साधारण वीस सेशन. या थेरपीची सुरुवातच अशी की दर तीन-चार तासांनी खायचंच, भूक असो नसो, आधी कितीही खाल्लं असो, कारण दिवसभर उपाशी राहिल्यावर रात्री बांध फुटतो. सोबत लिहायची वही, काय खाल्लं आणि तेव्हा मनात काय होतं. तिला फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषधही होतं, बुलिमियात ते दिवसाला 60 मिलिग्रॅमपर्यंत देतात, डिप्रेशनच्या नेहमीच्या डोसच्या तिप्पट. ते डॉक्टरांनीच ठरवायचं, कुणी वाचून स्वतः घेऊ नका. ती आज बरीच बरी आहे. तिचं एकच दुःख आहे, की ती बारीक नव्हती म्हणून बारा वर्षांत कुणालाही शंका आली नाही.

पैशांचंही एक. विम्याचा क्लेम आधी नाकारला, मानसिक आजार म्हणून. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिकला द्यायचा. कलम 21 चा हवाला देऊन पत्र लिहिलं, पाच महिन्यांनी पैसे आले. ज्यांच्या गावात कुणीच तज्ज्ञ नाही त्यांनी निदान टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावावा, सरकारी आहे, मराठीत बोलतात, पुढे कुठे जायचं ते तरी सांगतील.

दिवाळीच्या आधी वजन मार्गावर आलं तशी दुसरी पायरी सुरू झाली, म्हणजे थोडं थोडं तिच्या हातात परत द्यायचं. आधी रविवारी दुपारचा भात तिने स्वतः वाढून घ्यायचा. मग मधलं खाणं मैत्रिणींबरोबर. इथे मी घाई केली. ती म्हणाली बाबा फक्त मंगळाईच्या देवळापर्यंत जाऊन येते किल्ल्यावर, आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी उत्साह बघून मी हो म्हटलं, बायकोला न विचारता. पंधरा दिवसांत ती धावायला लागली होती आणि वजन घसरलं. पुन्हा पहिली पायरी, पुन्हा लायब्ररीमागची खोली, आणखी दोन महिने. थेरपिस्टने मला एकच विचारलं, तिला काय हवं होतं आणि आजाराला काय हवं होतं, तुम्हाला कसं कळलं? मला नव्हतं कळलं. अजूनही दर वेळी कळतं असं नाही.

एप्रिलमध्ये पाळी आली. जूनमध्ये वजन करणं महिन्यावर गेलं. शेवटची सेशन्स जेवणाबद्दल नव्हतीच, मैत्रिणी, कॉलेज, अकरावीला कोणती शाखा, भावाशी भांडणं, असलं साधं. परत येताना गाडीत ती झोपून जायची, घाट आला तरी जाग यायची नाही. त्या झोपेकडे आरशातून बघत मी गाडी चालवायचो.

आता ती पुण्यात हॉस्टेलला आहे. वजनकाटा आमच्याकडे अजून माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. या दिवाळीला घरी आली होती. रात्री मोबाईलवर कुणाशी तरी बोलत बोलत करंजी खात होती आणि अर्धी बशीत ठेवून आत निघून गेली. ती अर्धी करंजी मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. विसरली असेल, पोट भरलं असेल, की परत सुरू झालं असेल. बायको म्हणाली झोपा आता. बशी उचलायचा धीर दोघांनाही झाला नाही, झाकण घालून ठेवली. सकाळी उठून आलो तर ती ओट्याला टेकून चहाबरोबर तीच करंजी खात उभी होती, केस न विंचरलेले, आणि भावाला सांगत होती की शेवटचे दोन चिरोटे माझे आहेत, हात लावायचा नाही.